भवानीची थोरली

शेषाद्रीराव निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या बायकोने, रंजनीने, त्यांना दोनच गोष्टी बजावल्या. स्वयंपाकघरात लुडबूड करायची नाही आणि दुपारी टीव्ही लावायचा नाही. विमा कचेरीत कारकुनी करण्यात सगळी हयात गेलेली, पत्ते खेळायची सवय नाही, देवळात बसून गप्पा मारायचा स्वभाव नाही. मग माणसाने करावं काय? त्यांनी घराण्याची वंशावळ काढायला घेतली.

सुरुवातीला तो वेळ घालवायचा उद्योग होता, पुढे त्याचं वेडच लागलं. त्यांनी तंजावरला खेपा घातल्या, मोडी वाचणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना गाठलं, कुंभकोणमच्या दूरच्या भावांना फोन करून करून बेजार केलं. वडिलांकडची बाजू झाली, मग आईकडची झाली. शेवटी तांबरमच्या घरातल्या हॉलमध्ये, भिंतभर पसरलेल्या ड्रॉइंग पेपरवर, निळ्या शाईत सगळे पूर्वज हारीने उभे राहिले. ते काम पुरं झालं त्या संध्याकाळी त्यांनी आईला हाताला धरून भिंतीपाशी आणलं.

भवानीअम्मांनी चौऱ्याऐंशी पार केली होती. डोळे अधू झाले होते, पण ते कबूल करत नव्हत्या. भिंग घेऊन त्यांनी एकेक नाव सावकाश वाचलं. आपल्या वडिलांच्या, जनकोजीरावांच्या नावापाशी आल्या. त्याखाली दोन रेघा होत्या, एक सुंदर म्हणून, म्हणजे त्यांचा वारलेला धाकटा भाऊ, आणि दुसरी भवानी म्हणून.

"अस्कं बरोबर लिहिलंस," त्या आपल्या तंजावरी मराठीत म्हणाल्या; अस्कं म्हणजे सगळं. "पण अप्पाला लेकरं दोन नव्हेत. तीन."

शेषाद्रीरावांना वाटलं, एखादं मूल लहानपणीच गेलं असेल. "काय नाव होतं? लिहितो की."

"विद्युलता. माझी अक्का. माझ्याहून सहा वर्षांनी थोरली." भिंग खाली ठेवून त्या झोपाळ्यावर बसल्या. "लहानपणी गेली नाही ती. मद्रासला नर्स व्हायला आली. इथंच एका क्रिस्ती माणसाशी लगीन केलं. बंदरात लाँच चालवत होता, अरुळप्पन म्हणून. पत्र आलं त्या दिवशी अप्पानं विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, आम्हा अस्क्यांनाही घ्यायला लावलं. मग सांगितलं, या घरात ते नाव घ्यायचं नाही."

"अम्मा, मी बासष्ट वर्षांचा झालो. एकदाही बोलली नाहीस?"

"घ्यायचं नाही म्हणाला, मी घेतलं नाही. अप्पाला जाऊन पन्नास वर्षं होत आली. अडवायला आता कोण उरलंय? तू अस्क्यांची नावं लिहितोस, मग तिचंच का सोडतोस?"

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं त्या सांगत होत्या. पण शेषाद्रीरावांना दुसऱ्या दिवसापासून चैन पडेना. तीनशे वर्षांपूर्वी कुणाला कुठलं गाव इनाम मिळालं ते त्यांना तोंडपाठ होतं, आणि आईची सख्खी बहीण याच शहरात राहिली की नाही हे ठाऊक नव्हतं.

शोध सुरू झाला. नर्सिंगच्या मुली ज्या वसतिगृहात राहत ती इमारत पाडून तिथे वाहनतळ झाला होता. बंदराच्या कचेरीत एका बाईंनी अदबीने चहा पाजला आणि इतक्या जुन्या नोकरांचे कागद आता राहिलेले नाहीत असं सांगितलं. जॉर्ज टाउनमधल्या एका जुन्या चर्चमध्ये मात्र लग्नांच्या नोंदी जपलेल्या होत्या. तिथल्या पिवळ्या, ठिसूळ पानांत शेषाद्रीरावांनी एक अरुळप्पन हुडकून काढला. बायकोचं नाव लिली. बाप्तिस्मा घेताना नाव बदललं असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि माग काढत काढत पेरंबूरला त्या अरुळप्पनच्या सुनेच्या दारात जाऊन उभे राहिले. ती बाई मोठी प्रेमळ. तिने वडे खायला घातले, सासूचे फोटो दाखवले, सासूच्या मधुमेहाची साद्यंत हकिकत सांगितली. दुसरा कॉफीचा पेला रिकामा झाल्यावर बोलता बोलता निघालं की तिची सासू नेल्लूरची तेलुगू होती. शेषाद्रीराव ओशाळून उठले. "मावशी नाही तर नाही, येत जा," ती बाई म्हणाली.

त्यानंतर ते पुन्हा एकदा त्या चर्चमध्ये गेले, पण हाती काहीच लागलं नाही. बाहेर पडले तर ऊन चांगलंच तापलेलं होतं. हातगाड्या, ओझीवाले, रस्त्यावर आडवे लावलेले ट्रक यांच्यातून वाट काढताना त्यांना गरगरल्यासारखं झालं. तेव्हा आठवलं की मागच्याच गल्लीत नारायणस्वामी मामांचं कागदाचं दुकान आहे. नारायणस्वामी म्हणजे भवानीअम्मांचे चुलत चुलत भाऊ. लग्नाकार्यात भेट व्हायची, तेवढाच संबंध. दुकान आता मुलगा बघत होता, पण म्हातारा रोज येऊन गादीवर बसल्याशिवाय राहत नसे.

मामांनी त्यांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, सोडा मागवला. "या उन्हात इकडे कुठं?"

शेषाद्रीरावांनी सांगितलं. सांगताना विद्युलता हे नाव आलं तेव्हा मामांनी हातातला पेला खाली ठेवला.

"कोण, एन्नोरची विद्युलता?"

शेषाद्रीराव एकदम पुढे सरकले. "तुम्हाला ठाऊक होती?"

"ठाऊक काय विचारतोस? दर जूनला या दुकानात येत होती. पोरांच्या शाळेच्या वह्या माझ्याकडूनच न्यायची. इथंच बसायची, तू बसलायस तिथं. कॉफी प्यायची आणि तुमच्या अस्क्यांची खबर काढायची. भवानीचं लगीन कुठं झालं, सासू कशी आहे, सुंदरला नोकरी लागली का. तुझं नाव शेषाद्री ठेवलं हे तिला मीच सांगितलं."

"मग आम्हांला का नाही सांगितलं?"

मामा दुकानासमोरून जाणाऱ्या गाड्यांकडे बघत म्हणाले, "ती म्हणाली होती, नारायणा, तू होऊन सांगू नको. भवानीला सासर आहे, तिला उगा त्रास व्हायचा. पण तिनं कधी विचारलंच तर लपवू नको." मग ते शेषाद्रीरावांकडे वळले. "कोणी विचारलंच नाही रे. मला वाटायचं, आज विचारतील, या लग्नात विचारतील. ती गेली त्यालाही आता तेरा वर्षं झाली."

शेषाद्रीरावांनी आपण बसलेल्या सतरंजीकडे खाली पाहिलं. ते ज्यांना शोधत कचेऱ्या आणि चर्च पालथी घालत होते त्या मावशी, या सतरंजीवर बसून त्यांचं क्षेमकुशल विचारून गेल्या होत्या.

मामा तिच्या मातीला गेले होते. एन्नोरला चर्चमागच्या दफनभूमीत पुरलं, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. मुलगा तिथल्याच वीज केंद्रात कामाला होता, त्याचा फोन नंबर मात्र कुठे तरी हरवला. "तू असं कर," मामा म्हणाले. "नोव्हेंबरात त्यांचा कल्लरै तिरुनाळ असतो. कबरींचा सण. त्या दिवशी जो तो आपल्या माणसाच्या कबरीवर येतो, साफसफाई करतो, मेणबत्त्या लावतो. तेव्हा जा. मुलगा तिथं भेटल्याशिवाय राहायचा नाही."

घरी येऊन शेषाद्रीरावांनी आईला सगळं सांगितलं. सांगायच्या आधी ते बराच वेळ शब्द जुळवत होते. भवानीअम्मा अगत्तीचा पाला निवडत बसल्या होत्या. बहीण गेली हे ऐकून त्यांचा हात थांबला.

"दुखणं काय झालं होतं?"

"काही नाही. जेवली, जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही, असं मामा म्हणाले."

"बरं." त्यांनी पुन्हा पाला निवडायला घेतला. निवडलेला आणि न निवडलेला एकाच टोपलीत पडतोय हे रंजनीच्या लक्षात आलं. बऱ्याच वेळाने अम्मा म्हणाल्या, "मीही येते."

कबरींच्या सणाच्या दिवशी पहाटे पावसाची सर येऊन गेली होती. तांबरमहून एन्नोर म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. टॅक्सीत अम्मा खिडकीशी बसल्या होत्या. बंदर मागे पडलं, कंटेनरच्या रांगा संपता संपेनात, मग एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला वीज केंद्राची धुराडी दिसू लागली. रस्त्याकडेच्या झाडांची पानं पावसाने धुतली तरी राखेची करडी झाक गेली नव्हती.

"इतकी जवळ होती," अम्मा एकदाच म्हणाल्या. टॅक्सीला दोन तासांच्या वर लागले होते, पण शेषाद्रीरावांना त्याचा अर्थ कळला.

दफनभूमीत जत्रेसारखी गर्दी होती. चुन्याच्या बादल्या, शेवंतीच्या फुलांचे ढीग, उदबत्त्यांचा धूर. बायका पदर खोचून कबरी धूत होत्या, पुरुष क्रॉसला रंग देत होते, मुलं या कबरीवरून त्या कबरीवर उड्या मारत होती आणि त्यांना कोणी रागावत नव्हतं. शेषाद्रीरावांनी कुणाकडून तरी एक प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणली, आईला झाडाच्या सावलीत बसवलं आणि ते एका टोकापासून पाट्या वाचत निघाले. सगळ्या पाट्या तमिळमध्ये. काही पुसट झालेल्या, काही झेंडूच्या माळांखाली झाकलेल्या.

अम्मा काठीवर हात ठेवून बसल्या होत्या. आजूबाजूचं बोलणं कानावर पडत होतं. इतक्यात जवळूनच एका बाईने मोठ्याने हाक मारली, "जनकोजी अण्णा, काडेपेटी आहे का हो तुमच्याकडे?"

भवानीअम्मा दचकल्या. हे त्यांच्या वडिलांचं नाव. तमिळ मुलखात, या मच्छीमारांच्या आणि गिरणीकामगारांच्या गर्दीत, असं नाव दुसऱ्या कुणाचं असायचं? त्या खुर्चीवरून उठल्या. काठी टेकत चार पावलं गेल्या आणि ज्या वडिलांना त्यांनी कधी नावाने हाक मारायचा प्रश्नच नव्हता त्यांचं नाव त्यांनी मोठ्याने उच्चारलं.

"जनकोजी."

समोरच्या कबरीपाशी उकिडवा बसलेला एक माणूस मागे वळला. साठी उलटलेला, वेष्टी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली, हातात चुन्याचा ब्रश. कोणी म्हातारी बोलावते आहे म्हणून तो उठून आला. "काय झालं, आजी? काही हवंय का?" त्याने तमिळमध्ये विचारलं.

अम्मा त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. डोळे अधू असले तरी ते नाक ओळखायला त्यांना भिंग लागलं नाही.

"तुझ्या आईचं नाव काय रे?" त्यांनीही तमिळमध्येच विचारलं.

"विद्युलता."

"मी भवानी."

त्याने ब्रश बादलीत ठेवला. हात वेष्टीला पुसले, एकदा पुसून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा पुसले. मग मान वळवून त्याने बायकोला हाक मारली, "सेल्वी, इकडे ये. भवानी आली." शेजारणीबद्दल सांगावं इतक्या सहज म्हणाला. ज्या घरात एखादं नाव रोज घेतलं जातं त्याच घरातलं माणूस ते असं घेऊ शकतं. म्हणून झाल्यावर त्याला आपली चूक कळली, तो वाकला आणि त्याने अम्मांच्या पायांना हात लावला.

शेषाद्रीराव तीन-चार रांगा पलीकडे होते. मागे वळून बघतात तर खुर्ची रिकामी. ते घाबरून धावत आले, तेव्हा त्यांची आई एका अनोळखी माणसाचा दंड धरून अर्धवट चुना लावलेल्या कबरीसमोर उभी होती.

"हिची पाटी वाच," अम्मा म्हणाल्या. "मला दिसत नाही."

काळ्या दगडावर तमिळ अक्षरं कोरलेली होती. विद्युलता अरुळप्पन, जन्म, मृत्यू. त्याखाली आणखी एक ओळ होती. अक्षरं तमिळच, पण शेषाद्रीराव ती वाचताना अडखळले, कारण शब्द तमिळ नव्हते. त्यांच्या लहानपणी घरात असंच लिहीत. भाषा मराठी, लिपी तमिळ. त्यांनी ती ओळ मनात एकदा वाचली, मग मोठ्याने.

"भवानीची थोरली."

अम्मांनी हात पुढे केला. जनकोजीने तो धरून दगडावर टेकवला. कडेचा चुना अजून ओला होता, बोटं पांढरी झाली.

"ही ओळ बघून आमचे फादर नाराज झाले होते," जनकोजी सांगू लागला. "म्हणाले, भवानी ही हिंदूंची देवी आहे, तिचं नाव कबरीवर कसं चालेल? मी म्हटलं, फादर, ही देवी नाही, माझी चित्ती आहे, आईची धाकटी बहीण. आईने मरायच्या आधी किती तरी वर्षं लिहून ठेवायला लावलं होतं. ते हसले आणि म्हणाले, मग असू दे." थोडं थांबून त्याने विचारलं, "भवानी एवढं आम्हाला कळतं. पुढचा शब्द काय आहे? आईला विचारलं तर म्हणायची, जिला कळायला हवा तिला कळेल."

"थोरली म्हणजे मोठी," शेषाद्रीरावांनी सांगितलं.

जनकोजीने तो शब्द दोनदा म्हणून बघितला.

त्याचं घर जवळच होतं. सेल्वी पुढे जाऊन स्वयंपाकाला लागली होती, तरी पानं मांडताना ती घुटमळत होती. आपल्या घरचं हे लोक जेवतील की नाही हे तिला विचारवत नव्हतं. भवानीअम्मा मात्र सरळ आत जाऊन बसल्या. भातावर सांबार पडलं, वाटीत काही पांढरं आलं. त्यांनी बोटाने चाखलं आणि वर बघितलं. उडदाचं पीठ दह्यात कालवून केलेलं डांगर होतं, वर मोहरीची फोडणी.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"अत्तैनी, सासूबाईंनी," सेल्वी म्हणाली. "आमच्या गल्लीत कोणालाच येत नाही हे. बरं झालंय का?"

"मीठ जरा जास्त झालंय," अम्मा म्हणाल्या. "तीही जास्तच घालायची." आणि त्यांनी आणखी वाढून घेतलं.

जेवणं झाल्यावर जनकोजी शेषाद्रीरावांसमोर येऊन बसला. मघापासून तो त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा बघत होता. "शेषाद्री म्हणजे थोरला मुलगा, बरोबर? सरकारी हॉस्पिटलात जन्मलेला?"

"हो. का?"

"आई तेव्हा त्याच वॉर्डात नर्स होती. नारायणस्वामी मामांनी निरोप दिला होता की भवानीला तिथं आणलंय. तिची पाळी सकाळची नव्हती, पण तिने दुसरीशी बदलून घेतली. तुम्हाला पहिली आंघोळ तिने घातली. आम्हाला सांगायची, तो पोरगा मी त्याच्या आईच्या आधी बघितलाय. तुमच्या आजी दाराशीच बसून होत्या म्हणून ती काही बोलली नाही. तोंडाला फडकं होतं, तेव्हा कोणी ओळखलंही नाही."

शेषाद्रीरावांनी आईकडे पाहिलं. भवानीअम्मा ताठ बसल्या होत्या.

"बोलली," त्या म्हणाल्या. "ती बोलली रे."

जनकोजी पुढे वाकला.

"मी कळांनी अर्धमेली झाले होते. कोणी तरी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि कानाशी तोंड आणून म्हणालं, थोडं सोस गे, झालं, झालं. मराठीत. लहानपणी मला ताप आला की अक्का असंच म्हणायची. शुद्धीवर आल्यावर मी सासूला विचारलं, मघा इथं कोण होतं? ती म्हणाली, तमिळ नर्सा होत्या, मराठी कोण बोलणार, कळांमध्ये भलतंसलतं ऐकू येतं. मला ते पटलं. इतकी वर्षं मी धरून चालले की मला भास झाला होता." त्यांनी पदराने डोळे पुसले, घाईने नाही, चष्मा पुसावा तसे. "भास नव्हता तर."

"नव्हता, चित्ती," जनकोजी म्हणाला.

शेषाद्रीराव उठून बाहेर ओसरीवर गेले. समोर धुराड्यांमागे ऊन कलत होतं. आपण हातात कागद धरून ज्यांना शोधत फिरलो त्यांनी आपल्याला पहिल्या दिवशीच हातात धरलं होतं, हे त्यांच्या मनात आत आत उतरत होतं. आतून अम्मांचा आवाज येत होता. त्या जनकोजीला चित्ती म्हणू नको म्हणून सांगत होत्या. "मावशी म्हण. तुझ्या आईची भाषा आहे ती. मा-व-शी."

त्याला आईच्या भाषेतले फारच थोडे शब्द येत होते, आणि तेही बहुतेक रागावण्याचे. उगे बस. तोंड बंद कर. हात धू. प्रत्येक शब्दावर अम्मा हसत होत्या आणि तो आणखी एखादा आठवून बघत होता.

निघताना सेल्वीने नाताळला यायचं वचन घेतलं. टॅक्सीत अम्मा फारशा बोलल्या नाहीत. फक्त बंदराजवळ म्हणाल्या, "फादर बरे माणूस दिसतात. ती ओळ राहू दिली."

नंतरच्या रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला. चर्चहून परतलेला जनकोजी होता. शेषाद्रीरावांनी फोन आईच्या हातात दिला आणि जवळ उभे राहिले. पलीकडून त्याने घसा साफ केला. घरी पाठ करून ठेवलेलं असावं, तसा एकेक शब्द सुटा सुटा आला.

"मावशी. मी. जनकोजी. बोलतो."

भवानीअम्मा पाय वर घेऊन झोपाळ्यावर नीट बसल्या, लांबलचक गप्पा मारायच्या असल्यासारख्या.

"बोल, लेकरा," त्या म्हणाल्या. "जेवलास की नाही?"